सुतळीला बांधलेला पेन

आमच्या कंपनीच्या सादरीकरणात एक स्लाइड होती, तिच्यावर लोक हमखास हसायचे. ती मी केली होती. अकोटजवळच्या एका जिनिंगच्या फाटकावरचं लाकडी टेबल, त्यावर लाल पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर, आणि रजिस्टरला भोक पाडून सुतळीनं बांधलेला एक निळा पेन. फोटोखाली तिथल्या चौकीदाराचं वाक्य मी जसंच्या तसं टाकलं होतं: ‘पेन एकच पाह्यजे, न थो बांधेल पाह्यजे.’ हशा झाला की मी पुढची स्लाइड काढायची. तिच्यावर आमचा टॅबलेट असायचा, गोरा आणि चकचकीत, मांडवात येऊन उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखा.

हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा. दहा वर्षं पुण्यात नोकरी करून मी अमरावतीला परत आले होते, आणि पुण्याहून परतलेल्या माणसाला वर्षभर तरी आपलं गाव दुरुस्तीला आल्यासारखं दिसतं. माझं वर्ष जरा लांबलं. घरात कुणी ‘मले’ म्हटलं की मी ‘मला’ म्हणून दाखवायची. माझी आई आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. ती एकदा म्हणाली, "भाजीतलं मीठ तेवढं आहे तसं राहू दे."

कंपनी कॉलेजातल्या एका वर्गमित्राची. झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि पाटीवर पृथ्वीचा गोल. त्या गोलातली आमची गिऱ्हाइकं मात्र अकोला, अकोट आणि मोर्शी एवढ्यातच मावायची. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ही जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणारा कारखाना. हंगामात सकाळपासून कापसाचे ट्रॅक्टर आणि पिकअप फाटकाशी येऊन थांबायचे. ग्रेडर कापूस हातात घेऊन, ओढून, तोंड वाकडं करून बघायचा, मग गाडी काट्यावर जायची, वजन झालं की ढिगाकडे. कुणाची गाडी कधी काट्यावर जाणार हे फाटकावरचे चौकीदार, मामा, ठरवायचे. शेठपासून हमालापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. गाडीचा नंबर, गाव आणि वेळ ते रजिस्टरात लिहायचे, काटा रिकामा झाला की भोंग्यावर नंबर पुकारायचे आणि त्यापुढे बरोबरची खूण करायचे. शेतकऱ्यांच्या खिशाला स्वतःचे पेन असत, पण मामा दुसरा पेन रजिस्टरला लागू द्यायचे नाहीत. मला तो खुळचटपणा वाटला, म्हणून तर मी फोटो काढला.

मग आमचा प्रोग्राम आला. तो कसा चालायचा ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातच आहे. फाटकात आलेल्या प्रत्येक गाडीसाठी प्रोग्राममध्ये एक छोटं काम जन्माला यायचं. अशा कामाला कोरुटीन म्हणतात. त्याचा गुण एवढाच, की त्याला मध्येच झोपता येतं आणि जिथं झोपलं तिथूनच उठून पुढे चालता येतं. काटा रिकामा नसेल तर ते काम थांबलेल्यांच्या यादीत शेवटी आपलं नाव जोडायचं आणि झोपायचं. काटा रिकामा झाला की यादीतल्या पहिल्याला उठवलं जायचं आणि भोंग्यावर गाडीचा नंबर यायचा. वऱ्हाडातल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही. जेवून लिंबाखाली आडवं व्हायचं, हाक आली की उठायचं. अट एकच, यादीत नाव पाहिजे. नाव नसेल तर जगबुडी झाली तरी कुणी उठवत नाही.

या झोपाळू कामांना हाकणारा प्रोग्राममधला कामगार एकच होता. त्याला थ्रेड म्हणतात. यादीत लिहिणारा तोच, यादीतून काढणारा तोच, त्यामुळे यादी कधी चुकली नाही. पहिला हंगाम सुखात गेला आणि त्याचं श्रेय मी माझ्या हुशारीला दिलं.

मामांच्या हातात टॅबलेट आला. त्यावर दोन बटणं: एक ‘गाडी आली’ आणि एक ‘रद्द’. कंटाळून परत जाणाऱ्या गाडीचं नाव काढायला ते दुसरं. रद्दचं बटण कुणी कधी दाबलं याची नोंद ठेवायला चार ओळी लिहाव्या लागल्या असत्या. त्या मी कंटाळा करून लिहिल्या नाहीत. रजिस्टर बंद करा असं शेठनी मामांना सांगितलं. मामा ‘बरं’ म्हणाले.

दुसऱ्या वर्षी शेठनी दुसरा काटा बसवला आणि त्याच्यासाठी बाजूला दुसरं फाटक पाडलं. तिथे दुसरा टॅबलेट घेऊन एक कारकून बसला. वर्गमित्र माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "काय वं, काटे दोन झाले, तं प्रोग्रामबी डबल करून टाक." मी जेवणानंतर बसले आणि चहापर्यंत प्रोग्राममध्ये दुसरा थ्रेड घातला. प्रत्येक फाटकाला एकेक कामगार, पण यादी दोघांची एकच, म्हणजे आधी आलेला आधीच जाणार. टेबलावर चाचणी घेतली, सगळं हिरवं, म्हणजे बिनचूक, आलं. एवढ्या थोड्या वेळात एवढं काम केलं म्हणून मीच माझ्यावर खूश झाले.

दिवाळीनंतर गाड्या हरवायला लागल्या. रोज नाही, चार-सहा दिवसांनी एखादी. सकाळी आलेला माणूस दुपारपर्यंत उन्हात बसून राहायचा, त्याच्या मागून आलेले वजन करून घरी जायचे. तो फाटकावर येऊन विचारायचा, मामा टॅबलेटमध्ये बघायचे, तर त्या गाडीचं यादीत नावच नाही. मग शिव्या कुणाला? टॅबलेटला शिव्या देऊन समाधान होत नाही. मामा ओळखीच्यांना पुढे घालतात, असं बोललं जाऊ लागलं. एके दिवशी अशाच हरवलेल्या गाडीचा मालक सरळ काट्यावर जाऊन मांडी घालून बसला. माझं वजन होईस्तोवर कोणाचं होऊ देत नाही, म्हणाला. तसं त्याचं एकट्याचं वजन काट्यावर दिसतही होतं, पण ते लिहून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

शेठचा फोन आला. मी अमरावतीत खुर्चीवर बसून जिनिंगचा लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रामची रोजनिशी, कुठल्या क्षणी काय केलं याची. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की या गाडीचं नाव यादीत जोडलं. पुकारल्याची नोंद नव्हती. आणि आता यादीत नाव नव्हतं. मी हिशेब मांडला: नाव घातलं, पुकारलं नाही, तरी गेलं, म्हणजे कुणीतरी रद्द दाबलं. टॅबलेट कुणाच्या हातात? एक कारकुनाच्या, त्याचा मी विचारच केला नाही; दुसरा, ज्याचं रजिस्टर आम्ही काढून घेतलं त्याच्या. गुन्हा, हत्यार आणि कारण, सगळं माझ्याकडे जागच्या जागी तयार होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कुणी समजावून सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

"मॅडम, हे लोक ऐकून नाई राहिले. तुमीच सांगा त्याहिले," शेठ म्हणाले आणि त्यांनी आपला मोबाइल भोंग्याच्या माइकला लावला. मी बोलले. माझं शुद्ध मराठी दोन्ही काट्यांवरून, कापसाच्या ढिगांवरून, बाहेर रस्त्यापर्यंत गेलं. "सॉफ्टवेअरमध्ये कोणतीही चूक नाही. फाटकावरची व्यक्ती जाणूनबुजून गाड्या काढून टाकत आहे, असं आमच्या नोंदींवरून दिसतं."

मागून मामांचा आवाज आला. "मॅडम, म्या रजिष्टर अजूनबी लिवून राहिलो. सारं हाये त्यात. एकडाव पाहून घ्या."

"काका, रजिस्टरची गरज नाही," मी म्हणाले. "लॉग खोटं बोलत नाही."

त्याच दुपारी मामांना घरी पाठवलं. जिनिंगचा पत्ता सांगताना लोक ‘मामा बसतात ती’ असं सांगायचे, इतकी वर्षं तो माणूस त्या फाटकावर बसला होता. आमच्याकडे संध्याकाळी वर्गमित्रानं गिला वडा मागवला. मी दोन प्लेट खाल्ल्या. शिवाय पुन्हा कुणी लबाडी करू नये म्हणून मी प्रोग्राममधून रद्दचं बटणच काढून टाकलं.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा गाडी हरवली.

फाटकावर आता शेठचे कुणी लांबचे नातेवाईक होते, ते टॅबलेट उलटा धरायचे. पण तो प्रश्नच नव्हता. दाबायला बटणच उरलं नव्हतं. लॉगमध्ये पुन्हा तेच: नाव जोडलं, पुकारलं नाही, नाव गायब. हे माणसाचं काम नाही, हे माझं काम आहे, एवढं कळायला मला एक क्षण पुरला. वर्गमित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गाडी हरवली का हातानं नाव टाका म्हना." मी दोन दिवस मूठ झाकून बसले. या दोन दिवसांची मला अजून लाज वाटते, मामांना लबाड ठरवलं त्याहून जास्त. तेव्हा मला माहीत नव्हतं, आता होतं.

टेबलावर मी हजारदा चाचणी घेतली, एकदाही नाव हरवलं नाही. तेव्हा मला रजिस्टर आठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अकोटला गेले. माफी मागायला गेले असं लिहायला आवडलं असतं, पण मी रजिस्टर मागायला गेले होते.

मामांचं घर अकोटच्या बाहेर, रस्त्यालगतच्या खेड्यात. ते अंगणात तूर पाखडत होते. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, बाज पुढे सरकवली, आणि मी रजिस्टर म्हणताच टोमणा न मारता आत जाऊन ते घेऊन आले. सुतळीला पेन तसाच लोंबत होता. टॅबलेट आल्यापासूनच्या सगळ्या गाड्या त्यात होत्या. डाव्या पानावर समोरचं फाटक, उजव्या पानावर बाजूचं. दोन्ही फाटकं त्यांच्या खुर्चीतून दिसायची. पुकारलेल्या गाडीपुढे खूण. हरवलेल्या गाडीपुढे नुसती जागा.

मी खूण नसलेल्या गाड्या शोधत गेले. पहिली डाव्या पानावर, सव्वानऊ. समोर उजव्या पानावर दुसरी गाडी, तीही सव्वानऊ. दुसरी उजवीकडे, अकरा वाजून चार. डावीकडेही अकरा वाजून चार. पाचव्या गाडीला मी शोधायचं थांबवलं. ज्या वेळी दोन्ही फाटकांतून गाड्या एकदम आत शिरल्या, त्याच वेळी त्यांतली एक हरवली होती.

प्रोग्राममधले माझे दोन कामगार एकाच क्षणी यादी उघडत होते. दोघांना शेवटचं नाव तेच दिसायचं. दोघं त्याच्याखालच्या त्याच एका ओळीवर आपापल्या गाडीचं नाव लिहायचे. नंतर लिहिणाऱ्याचं नाव राहायचं, आधीचं पुसलं जायचं. पुसलं गेलेलं काम मात्र नाव लागलं या समाधानात झोपी जायचं, आणि रोजनिशीत दोघंही प्रामाणिकपणे लिहायचे की नाव जोडलं. लॉग खरंच खोटं बोलत नव्हता. वाचणारी शहाणी होती.

मी हे मामांना सांगितलं. त्यांच्या बायकोनं आणून दिलेला चहा हातात निवत होता. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे लिवाले मानसं दोन ठेवले," ते म्हणाले, "न पेन?"

"पेन दोघांकडे होता."

"शिकेल लोकं तुमी," मामा म्हणाले. मग सूप उचलता उचलता त्यांनी विचारलं, "शेठले कवा सांगता?"

"दुरुस्त झालं की लगेच," मी म्हणाले. ते पुन्हा तूर पाखडायला लागले.

अमरावतीला येऊन मी यादीला कुलूप लावलं. आमच्या धंद्यात त्याला लॉकच म्हणतात. ज्याच्या हातात लॉक तोच यादीला हात लावणार, दुसऱ्यानं तोवर उभं राहायचं. म्हणजे साध्या भाषेत, पेन एकच. टेबलावर चाचणी घेतली, सगळं हिरवं. हे हिरवं बघून आनंद होण्याचं माझं वय खरं तर संपायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला जिनिंग ठप्प. एक नाही, सगळ्याच गाड्या. दोन्ही फाटकं बंद पडल्यासारखी, ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर आणि रस्त्यावरची एसटी रांगेच्या मागे. झालं असं की ग्रेडर चहाला गेला होता. तो नसेल तर कामानं त्याची वाट बघत झोपायचं, हे मी पहिल्या वर्षीच लिहून ठेवलं होतं. आता ते काम लॉक हातात घेऊनच झोपलं. ग्रेडर आल्यावर त्या कामाला उठवायचं तर यादी बघायला हवी, यादी बघायला लॉक हवं, आणि लॉक झोपलेल्याच्या उशाखाली. माझ्या टेबलावरच्या चाचणीत कुणी चहाला जात नव्हतं. वऱ्हाडासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईनं चहाचा विचार केला नाही, यापेक्षा मोठा अडाणीपणा मला तरी माहीत नाही.

उपाय शोधत मी इंटरनेटवर परदेशी विद्वानांची पानं वाचत बसले. त्यात दुपार गेली. मग आमच्या सादरीकरणाची फाइल समोर आली, आणि माझ्याच हातानं टाकलेलं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं. पेन एकच पाह्यजे, न थो बांधेल पाह्यजे. एकच कशाला, ते मला कळलं होतं. बांधलेला कशाला, ते आता कळलं: कुणी खिशात घालून झोपायला जाऊ नये म्हणून. मी तिथे सुतळी बांधली. नाव लिहिलं की पेन खाली ठेवायचा, मगच आडवं व्हायचं. आणि डोळा लागायच्या आतच हाक आली तर ती वाया जाऊ द्यायची नाही, लक्षात ठेवून लगेच उठायचं. त्यानंतर एकही गाडी हरवली नाही. जिच्यावर मी दोन वर्षं लोकांना हसवलं, त्या स्लाइडवर सगळं उत्तर लिहिलेलं होतं.

वर्गमित्रानं शेठना पत्र पाठवलं: ‘कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा केली आहे.’ मामांचं नाव त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. गावात तो माणूस अजून गाड्या गाळणारा म्हणूनच ओळखला जात होता, आणि ते नाव त्याला मी दिलं होतं. मी रजेचा अर्ज टाकला आणि पुन्हा एसटीनं अकोटला गेले.

शेठनी मला आपल्या थंड खोलीत बसवलं, दार लावलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाले, "चला, झालं थे झालं. मामाले बोलावून घेतो." माणूस पाठवला. तासाभरानं मामा आले आणि दारातच उभे राहिले. मी उठून त्यांना म्हणाले, की चूक माझी होती, तुमची नव्हती, मला माफ करा. शेठ म्हणाले, उद्यापासून या. मला हलकं वाटलं. एवढ्यात सुटले, असं वाटून मी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलला.

मामा म्हणाले, "मॅडम, मले लबाड म्हनलं तवा भोंगा लावला होता. खरं सांगतानी दार लावून घेतलं."

मी ग्लास ठेवला आणि फाटकाकडे चालू लागले. मागे कोण येतंय ते बघितलं नाही. टेबलावरचा माइक हातात घेतला.

"काही तांत्रिक अडचणींमुळे," मी सुरुवात केली, आणि माझा पुणेरी आवाज पुन्हा एकदा सगळ्या ढिगांवरून फिरला. मामांचा दोष नव्हता, असं काहीसं मी त्या वाक्याच्या शेपटाला अडकवलं. ट्रॅक्टरवरचे लोक भोंग्याकडे बघत होते. एक जण म्हणाला, "बाई, गाडीचा नंबर सांगा."

मामा माझ्या शेजारी नव्हते. ते पार शेवटच्या ट्रॅक्टरपाशी, फाटकाबाहेर जाऊन उभे होते. तिथून त्यांनी हात वर केला.

"मांगं आवाज येऊन नाई राहिला," ते म्हणाले. "पुन्ना सांगा."

आवाज तिथपर्यंत जातो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी माइक तोंडाजवळ घेतला. "मामानं एकबी गाडी नाई काढली," मी म्हणाले. "गाड्या माह्या प्रोग्रामनं हरवल्या. मामा रजिष्टर दाखवून राहिले होते, म्या पाह्यलं नाई. मी खोटं बोलली."

मामा रांगेतून वाट काढत पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, यादीत बघितलं आणि पुढच्या गाडीचा नंबर पुकारला.